साड्यांच्या कपाटातलं यंत्र

४ ऑगस्ट

आज ह्यांचं घड्याळ पुन्हा बंद पडलं आणि ह्यांनी अंजनीला दारातूनच परत पाठवलं. ती बिचारी सिहोऱ्याहून बसनं जबलपुरात येते, व्यायाम करवून घ्यायला. "बेटा, आज नहीं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती माझ्याकडे पाहून राहिली, मी तिच्याकडे. चहा पाजून पाठवली, आणखी काय करणार होते.

पतपेढीची ही फुकटची डायरी जानेवारीपासून फोनखाली पडली होती. आज काढली, कारण बोलायचं कोणाजवळ? सुमेध पुण्यात. त्याला काही सांगायला गेलं की पोराची मीटिंग सुरू होते.

मे महिन्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं शाबूत राहिलं. आता रडणं सगळं त्या घड्याळाचं आहे. माझ्या भावानं, पुंडलिकनं, मस्कतहून आणलेलं जपानी ऑटोमॅटिक. त्याला सेल नाही, चावीही देता येत नाही. आत एक वजन असतं म्हणे, हात हलला की ते डोलतं आणि त्याच्यावर घड्याळ चालतं. फॅक्टरीत होते तोवर एकदा थांबलं नाही. आता तो डावा हात उशीवर ठेवला तर उशीवर, मांडीवर ठेवला तर मांडीवर. घड्याळ चालणार कायचं?

उजव्या हातात घाला म्हटलं तर ऐकत नाहीत. "विभा, हे माझं गेज आहे," म्हणतात. ह्यांची सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. तयार मालाला गेज लावायचं, बसलं तर पास, नाही तर भंगारात. आता स्वतःलाच गेज लावून बसलेत. "हे डाव्या हातावर दिवसभर चाललं तर म्हणेन मी बरा होऊन राहिलो. नाही चाललं तर त्या पोरीला काहून दमवायचं?" डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय, हेच महिने कामाचे आहेत, व्यायाम सोडला तर हात तर हात, पायही जाईल. ते मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि कूस बदलायला मला हाक मारली. मला काही सुचून नाही राहिलं.

६ ऑगस्ट

काल सकाळी ह्यांची आंघोळ झाल्यावर घड्याळ घालायला घेतलं आणि काय मनात आलं कोणास ठाऊक, स्वयंपाकघरात नेलं आणि दूध तापेपर्यंत खुळखुळ्यासारखं हलवत उभी राहिले. काटा सुरू झाला. वेळ लावली आणि काही न बोलता ह्यांच्या डाव्या हातात घातलं.

हे दर थोड्या वेळानं पाहत होते. जेवताना पाहिलं, पेपर वाचताना पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, "विभा, चालून राहिलं." चेहरा असा झाला होता, मे महिन्यापासून मी तो चेहरा पाहिला नव्हता. मग म्हणाले, "अंजनीला फोन कर. उद्या ये म्हणावं."

मी फोन केला आणि मग न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. मी खोटं बोलले नाही. कोणी विचारलंच नाही तर खोटं कसं?

आज अंजनीनं तासभर घाम काढला ह्यांचा. हूं की चूं केलं नाही.

१३ ऑगस्ट

माझा खांदा कामातून गेला. रोज सकाळी ते घड्याळ हलवायचं, आणि तेही ह्यांना आवाज जाणार नाही असं. काल दूध उतू गेलं तरी मी आपली हलवतेच आहे. बाम चोळून चोळून सगळ्या घराला वास मारून राहिलाय. आणि एवढं करून आज चार वाजता थांबलंच. नशिबानं हे झोपले होते. मी हात हळूच उचलला, मनगटासकट हलवला, काटा चालू झाला, वेळ पुढे केली. सगळं कसं चोरी करावी तसं.

शेवटी सुमेधला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्याला वाइंडर म्हणतात. ऑटोमॅटिक घड्याळं फिरवत ठेवायचं यंत्र. लोक हौसेनं घेतात." मग म्हणाला, "पण बाबांना कळणार नाही का? अख्खी फॅक्टरी घाबरायची त्यांच्या गेजला."

मी म्हटलं, एवढ्या वर्षांत ह्यांना माझ्या कपाटात काय आहे ते कळलेलं नाही. मागच्या दिवाळीची साडी परवा नेसले तर म्हणाले, नवीन घेतली का?

डॉक्टरांच्या कृपेनं एक सोय आहे. रात्री त्या हाताला सूज येते, म्हणून पट्टा काढून ठेवायचा असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे रात्रभर घड्याळ माझ्या ताब्यात. रात्री यंत्रावर भरलं की दुसरा दिवस निभतो.

१७ ऑगस्ट

बडा फुहाऱ्याच्या बाजारात चार दुकानं हिंडले. पहिला म्हणतो, "माताजी, घड़ी घुमाने की मशीन? घड़ी तो ख़ुद ही घूमती है." दुसऱ्यानं बांगड्या मांडायचं गोल फिरतं स्टँड काढून दाखवलं. "इस पे घड़ी भी घूमेगी, कंगन भी." बाकीच्या दोघांनी ऐकूनच घेतलं नाही, म्हातारीचं डोकं फिरलंय असं पाहत होते.

सुमेधनं फोनवर यंत्रांचे फोटो पाठवलेत, ते चष्मा लावून पाहत बसले. एक तर देव्हाऱ्याएवढं, शिसवी लाकूड, काच, आत दिवा, वरून रिमोट. ते आमच्या पेन्शनीत बसणारं नाही. बाकीची स्वस्त. खाली लोकांनी लिहिलेलं वाचते. सुमेधचं लग्न जमवताना पत्रिका वाचल्या नसतील एवढं बारकाईनं वाचून राहिले. एक लिहितो, अजिबात आवाज नाही. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, बायकोनं पहिल्याच दिवशी घराबाहेर ठेवायला लावलं. एकाचं तीन वर्षं चालतंय, एकाचं तीन दिवस. विश्वास ठेवायचा कोणावर?

मला काय पाहिजे ते तरी आता समजलं. आवाज नको, कारण आमची झोपायची खोली एकच. दोन्ही बाजूंनी फिरणारं पाहिजे. मधे मधे थांबणारं पाहिजे, सारखं फिरत राहिलं तर घड्याळाला चांगलं नाही म्हणतात. आणि लाइट गेली तरी चालणारं पाहिजे, जबलपुरात राहायचं तर. हे सगळं ज्यात आहे ते महाग, आणि स्वस्तात ह्यातलं एकही नाही. सगळ्यात स्वस्त मागवलं. चिठ्ठी टाकावी तसंच.

२४ ऑगस्ट

आलं. काळा चौकोनी डबा, आत एक उशी, त्या उशीला घड्याळ घालून ती फिरते. साड्यांच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात, नेसूच्या साड्यांच्या मागे ठेवलं. वायर कपाटामागून काढली. ह्यांनी पलंगावरून विचारलं, "ही वायर कायची?" मी म्हटलं मोबाइलचं चार्जर. "कपाटातून?" म्हणाले. मी म्हटलं, तिकडून सोईचं पडतं.

पण मेलं गुरगुरतं. ह्यांनी विचारलं, "कपाटात काय वाजून राहिलं?"

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर असा एका लयीत नाही कुरतडत, विभा." थोडा वेळ ऐकत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "टीव्ही लाव, आणि जरा मोठा लाव."

सुटले मी. तेव्हापासून रोज झोपेपर्यंत टीव्ही मोठा लावतात. पूर्वी मी जरा आवाज वाढवला की चिडायचे. आजारानं माणूस बदलतो.

३० ऑगस्ट

चाललं. व्यायाम झाला. असंच राहू दे रे देवा.

४ सप्टेंबर

आज हे अंजनीच्या खांद्यावर हात ठेवून पलंगापासून खुर्चीपर्यंत गेले. पाय फरफटत होता, पण टेकत होता. अंजनी टाळ्या वाजवून राहिली होती. ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे.

त्या यंत्राची उशी मात्र फार मोठी आहे, घड्याळाचा स्प्रिंगचा पट्टा ताणून ताणून सैल झाला. आज घालताना हातातून घसरून राहिला. ह्यांनी पट्टा बोटानं ओढून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाताची सूज उतरली वाटते." मी म्हटलं, हो ना, चांगली उतरली. त्यांचं त्यांनाच कारण सापडलं, माझा जीव भांड्यात पडला.

१० सप्टेंबर

रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. यंत्र बंद. मी सकाळी हलवायला गेले तर खांदा वर जाईना, जेवढं झालं तेवढं केलं. चहाच्या वेळेला पाहते तर काटा थांबलेला, आणि हे त्याच्याकडेच पाहून राहिलेले. कधीपासून पाहत होते देव जाणे.

"रात्री लाइट नव्हती ना," म्हणाले.

मी कपबशी खाली ठेवली. मग तेच म्हणाले, "पंखा नव्हता, झोप झाली नाही. म्हणून आज व्यायामात दम नव्हता. म्हणून थांबलं असणार. उद्या पाहू." आणि वरून मला म्हणतात, "तू बस ना, उभी काहून? चहा घे."

देवानंच त्यांच्या तोंडी ते कारण घातलं. पण असं रोज नाही चालणार. एकदा का ह्यांना वाटलं की गेज फेल गेलं, तर पुन्हा भिंतीकडे तोंड. ते माझ्यानं पाहवणार नाही.

१५ सप्टेंबर

काळ्या डब्यानं मान टाकली. आधी घरघर, मग करवतीसारखा आवाज, मग काहीच नाही. परत घ्यायला ते तयार नाहीत, मुदत संपली म्हणे.

प्रल्हाद भाऊजींकडे गेले, रिछाईला. ह्यांचे फॅक्टरीतले जोडीदार, रिटायर झाल्यावर तिथं लहानसं वर्कशॉप टाकलंय. सगळं खरं सांगितलं, कारण खोटं सांगून यंत्र कसं बनवून घेणार. ते ऐकून डोकं खाजवत बसले. "वहिनी, चंदूपासून मी आजवर काही लपवलेलं नाही." मी नर्मदामैयाची शपथ घातली. मग म्हणाले, चलो, बनवून देतो. जुन्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवायची मोटर होती, ती फळीवर बसवून दिली. आवाज जवळजवळ नाही. मी खुशीत रिक्षात बसले.

१६ सप्टेंबर

रात्रभर घड्याळ त्या फळीवर गोल गोल फिरलं आणि सकाळी बंद. जन्म फॅक्टरीत काढला आणि मोटर बसवली आडवी. घड्याळ ताटात ठेवल्यासारखं पडून फिरलं तर आतलं वजन डोलणार कसं? हात खाली लोंबतो, तसं ते उभं राहून फिरायला पाहिजे. भाऊजींना फोन केला तर म्हणाले, "अरे हो, हे डोक्यातच नाही आलं." वाहवा.

सकाळी पुन्हा खुळखुळा, पुन्हा बाम. सुमेधला म्हटलं, आता मधल्या किमतीतलं घे, मला लोकांनी लिहिलेलं वाचायची ताकद नाही राहिली.

२२ सप्टेंबर

नवीन आलं. हे मात्र गुणी आहे. लहान मऊ उशी, उभं फिरतं, थोडं इकडून, थोडं तिकडून, मग विसावा घेतं. कान लावला तरी आवाज नाही. वायरवरही चालतं, सेलवरही चालतं. मी दोन्ही लावून ठेवलंय, लाइट गेली तरी चिंता नको. आता माझं काम एवढंच, साड्या बाजूला सारायच्या, घड्याळ ठेवायचं, दार लावायचं. ते फिरतंय का पाहायला बसायचं नाही, कारण ते निम्मा वेळ थांबलेलंच असतं.

प्रल्हाद भाऊजी संध्याकाळी आले होते ह्यांना भेटायला. मी चहा घेऊन गेले तर दोघंही हसता हसता गप्प झाले. काय झालं विचारलं तर म्हणे फॅक्टरीच्या गोष्टी. मी भाऊजींना डोळ्यांनी दटावलं. त्यांनी कानाला हात लावला. शब्दाचा पक्का माणूस आहे.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. दर वर्षी ह्यांची हत्यारं पूजेला ठेवायचा मान ह्यांचा. यंदा मी पेटी उघडली, व्हर्निअर, मायक्रोमीटर, पितळी गेज, सगळं पुसून पाटावर मांडलं. हे काठी टेकत स्वतः आले. पलंगापासून देवापर्यंत, अंजनीशिवाय. मी मागून हात पुढे धरून चालत होते, आधार लागलाच नाही.

उजव्या हातानं हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग म्हणाले, "विभा, घरात आणखी जे जे यंत्र आपल्यासाठी राबून राहिलं, तेही ठेव पूजेला."

मी मिक्सर आणला, शिलाई मशीनला जागेवरच हळद लावली.

"अजून काही राहिलं असेल तर आण. कपाटात वगैरे."

मी म्हटलं, कपाटात काय असणार, साड्या आहेत.

हे हसले. खूप दिवसांनी असे हसले, खांदे हलवून. "बरं. मग साड्यांनाही एक फूल ठेव," म्हणाले. मी खरंच एक झेंडू कपाटात नेऊन ठेवला, यंत्राजवळच. त्यांच्या मनात पूजा होती ती अशी त्यांच्या नकळत पूर्ण झाली, म्हणून मला बरं वाटलं.

११ ऑक्टोबर

अंजनी आज निघताना मला फाटकापाशी घेऊन गेली. "आंटीजी, पैर बहुत अच्छा है. दिवाली के बाद अंकलजी बाहर सड़क तक जाएँगे. लेकिन हाथ का मैं आपसे झूठ नहीं बोलूँगी." पुढचं तिनं हळूहळू सांगितलं. हातात काही हालचाल नाही. एवढ्या महिन्यांत बोटसुद्धा नाही. आता येईल अशी आशा धरू नका. आणि मग विचारलं, "अंकलजी को आप बताएँगी या मैं?"

मी म्हटलं, मी पाहते.

काय पाहते कपाळ. परवाच ह्यांनी सुमेधला फोनवर सांगितलं, "पुढच्या वर्षी चहाचा कप डाव्या हातात धरीन बघ." सांगताना माझ्याकडे पाहत होते, पोरं शाळेतून बक्षीस आणून दाखवतात तसं. ती आशा ह्यांना कोणी लावली? मी. रोज रात्री कपाट उघडून मी लावली. ह्यांनी जन्मभर कोणाच्या मालाला खोटा पास दिला नाही. एकदा साहेबानं दबाव आणला तर सस्पेंड व्हायची पाळी आली, पण सही केली नाही. आणि ह्यांच्याच घरात ह्यांच्याच गेजमध्ये मी गडबड करून राहिले.

सांगितलं तर पाय उभा राहिलाय तोही बसेल. नाही सांगितलं तर उद्या गरम कप डाव्या हातात घ्यायला जातील आणि भाजतील. यंत्र बंद केलं तर घड्याळ थांबेल, चालू ठेवलं तर माझं पाप वाढेल. दिवसभर मी एकच भाजी दोनदा फोडणीला टाकली. हे जेवले, बोलले नाहीत. "तिखट जास्त झालं का?" विचारलं तर म्हणाले, "तू काहून रडून राहिली?" मी म्हटलं, कांदा.

रात्री घड्याळ काढून घेतलं. ह्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं, बराच वेळ. मग सोडलं. म्हणाले, "ठेव जा."

मी ठेवलं. दुसरं मला काही करताच येत नाही.

१८ ऑक्टोबर

सुमेध आणि सूनबाई प्रणोती आले, दिवाळीला. घर भरलं. सुमेध म्हणतो, "आई, बाबा चालून राहिले हेच खूप आहे, हाताचं जाऊ दे." त्याला काय जातं म्हणायला. मी त्याला अंजनीचं बोलणं सांगितलं. तो उठून बापाजवळ जाऊन बसला.

२५ ऑक्टोबर

पोरं काल गेली. घर खायला उठतं.

ह्यांनी एक नवीनच काढलंय. दुपारी जेवण झालं की म्हणतात, "दार लोटून घे, मला जरा पडू दे. तूही तिकडं पड." आधी मी नसले जवळ की हाका मारायचे. मी बाहेरच्या खोलीत पडते, पण झोप कुठली. आतून पलंग कुरकुरत असतो, एकसारखा, पाळणा हलवल्यासारखा. झोपेत तळमळत असतील. आत जाऊन पाहावंसं वाटतं, पण दार लोटा म्हणाले तर लोटलंच पाहिजे.

३० ऑक्टोबर

काय लिहू, कसं लिहू.

आज सकाळी साड्या उन्हात घालायच्या म्हणून कपाट रिकामं केलं. यंत्र हातात घेतलं तर वायरच नाही. प्लग काढलेला. वायर गुंडाळून मागच्या कोपऱ्यात ठेवलेली, माझा केसांचा रबर लावून. आतले सेलसुद्धा काढून शेजारी ओळीनं मांडलेले. वायरवर, सेलांवर बारीक धूळ. वर तो खंडेनवमीचा झेंडू, वाळलेला.

हे सुमेधचं काम. फोन चार्जिंगला लावायला प्लग काढला असणार, आणि वस्तू बंद ठेवायची तर सेल काढून ठेवायचे ही बापाची शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. वायर गुंडाळायची पद्धतही अगदी बापाचीच, फक्त जरा ढिली, एका हातानं गुंडाळावी तशी. पोराच्या दुसऱ्या हातात सदा फोन असतो, म्हणून.

पण म्हणजे तो आला तेव्हापासून यंत्र बंद. मी रोज रात्री मेलेल्या यंत्रावर घड्याळ ठेवून राहिले, आणि रोज सकाळी घालून राहिले. आणि घड्याळ एक दिवससुद्धा थांबलेलं नाही. मी हलवलं नाही, यंत्रानं फिरवलं नाही. मग चाललं कशावर?

हातावर चाललं. ह्यांच्या डाव्या हातावर.

मी तिथंच साड्यांच्या ढिगात बसले आणि ढसाढसा रडले. अंजनी कितीही शिकलेली असू दे, चुकली. हात हलून राहिला आहे, दिसत नसेल डोळ्यांना, पण घड्याळाला समजतं. ह्यांचं गेज खरं होतं, मीच त्याच्यावर भरवसा ठेवला नाही.

अंजनी आली तेव्हा तिला काही सांगितलं नाही, ती हसली असती. तीच म्हणाली, "अंकलजी दोपहर में अकेले कोई एक्सरसाइज़ कर रहे हैं क्या? राइट शोल्डर एकदम टाइट है." हे म्हणाले, "नहीं बेटा, काठी टेकून टेकून झालं असेल." मी तर म्हणेन त्या काठीची मूठच बदलायला पाहिजे.

संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो. मला राहवेना. म्हटलं, "अहो, एक सांगू? तुमचं घड्याळ तुमच्या हातानं चालून राहिलं. खरंखरं. माझी शप्पथ." यंत्राचं काही बोलले नाही, आता ते सांगायचं कारणही नाही उरलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. उजव्या हातानं तो उचलला, अगदी हळू, लहान मूल उचलावं तसा, आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला. "तू म्हणतेस तर चालतच असेल," म्हणाले. "तुझं रडणं थांबलं ना? मग झालं."

मी कुठं रडत होते, म्हटलं.

मग म्हणाले, "उजवा खांदा जरा चोळून दे. दुखून राहिला." मी तोच बाम आणला, मला लागायचा तो. चोळता चोळता हाताला लागलं, खांदा कसा दगड झाला होता, माझा झाला होता तसाच. काहून दुखतो विचारलं तर सांगेनात. डोळे मिटून बसून राहिले.

बाटली संपत आली आहे. उद्या दोन आणून ठेवते.